ओला दगड

मोहिनीराजाच्या मंदिराचं शाईतलं चित्र पुरं झालं, तेव्हा मी ते दोन पुठ्ठ्यांमध्ये सुतळीनं बांधलं आणि सकाळच्या एसटीनं पुन्हा नेवाशाला नेलं. सतरा दिवस ज्या जागी बसून ते काढलं होतं, त्याच जागी ते उभं करून बघायचं होतं. रोज माझ्या शेजारी हारफुलांची टोपली घेऊन एक आजी बसायच्या. त्यांच्यापुढं पुठ्ठे सोडले. त्यांनी पदराला हात पुसले, चित्र मांडीवर घेतलं, समोरच्या दगडाकडं बघितलं, पुन्हा चित्राकडं बघितलं.

"सर, हे पावसात काढलं व्हय?"

मे महिना होता. सतरा दिवसांत ढगाचा तुकडाही दिसला नव्हता. आजी टोचून बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटलं, कारण ते मंदिर त्यांनी बाराही महिने बघितलेलं होतं. आपल्याकडचा बेसाल्ट, ज्याला आपण सरसकट काळा पाषाण म्हणतो, भिजला की काळाकुट्ट होतो. उन्हाळ्यात तोच दगड राखेच्या रंगाचा दिसतो आणि दुपारचं ऊन थेट पडलं की त्याच्या वरच्या कडा चुना लावल्यासारख्या उजळतात. मी सतरा दिवस उन्हात घाम पुसत बसून भिजलेला दगड काढला होता. डोळ्यांपुढं राखाडी होतं, डोक्यात 'काळा पाषाण' हे दोन शब्द होते, आणि हातानं डोक्याचं ऐकलं.

या गोष्टीला तीसहून जास्त वर्षं झाली. मी सोनईचा. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो, अजूनही टाक आणि शाईनं काढतो. गावातली, घोडेगावची, राहुरीकडची मुलं चित्रं दाखवायला येतात. त्यांच्या हातात टाक नसतो, बारीक टोकाची काळी पेनं असतात. पण चित्रं बघितली की मला मंदिराची तीच ओली भिंत दिसते. माझी जी वर्षं या चुकांपायी गेली, ती त्यांची जाऊ नयेत एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

शाईचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो. पेन्सिल दाबली की गडद उमटते, सैल धरली की फिकी, वरून बोट फिरवलं की मधली छटा मिळते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या प्रत्येक मुलाच्या बोटाला ही सवय लागलेली असते. शाईला बोट चालत नाही. रेघ एक तर आहे, नाही तर नाही. राखाडी रंग कागदावर कुठंच नसतो. काळ्या रेघा आणि त्यांच्यामधला पांढरा कागद लांबून एकत्र दिसतात, तेव्हा तो बघणाऱ्याच्या डोळ्यात तयार होतो. म्हणजे छटा जितकी रेघेनं ठरते तितकीच दोन रेघांमधल्या मोकळ्या पट्टीनं ठरते. शिकणाऱ्याचं सगळं लक्ष रेघेवर असतं. रेघ सरळ आली का, थरथरली का, हेच तो बघतो. मधली पट्टी त्याच्या नकळत बुजत जाते.

माझी कशी बुजली ते सांगतो. पहिल्या दिवशी मी पेन्सिलीनं मंदिराचा आराखडा काढला. तो चांगला होता, मापात होता. दुसऱ्या दिवशी शाई उघडली आणि सगळ्यात गडद जागेवर, दरवाजाच्या वरच्या तुळईखालच्या सावलीवर, टाक टेकवला. तिथं काळं भरताना फार समाधान वाटतं. चित्र एकदम उभं राहिल्यासारखं होतं. तासाभरात ती जागा ठार काळी झाली आणि तिच्या शेजारची भिंत, जी अजून कोरा कागद होती, तिच्यापुढं उघडी दिसू लागली. म्हणून भिंतीवर रेघा घातल्या. भिंत गडद झाली तसे खांब फिके वाटले, खांबांवर घातल्या. खांबांमुळं पायऱ्या फिक्या वाटल्या. संध्याकाळपर्यंत उन्हाची म्हणून ठरवलेली एकही जागा पांढरी उरली नव्हती, आणि पुढचे पंधरा दिवस मी त्या एका दिवसाची चूक निगुतीनं पुरी करत बसलो. नक्षीतल्या एकेका कमळावर तीन-तीन थर घातले. मेहनत तिळभर कमी नव्हती. त्या मेहनतीचंच आजही वाईट वाटतं.

शेवटी उजेड परत आणायला दाढीच्या ब्लेडनं कागद खरवडला. जाड आयव्हरी कागदावर हलक्या हातानं बारीकशी रेघ खरवडून काढता येते. माझा कार्ट्रिज होता. त्याचे तंतू उभे राहिले, आणि खरवडलेल्या जागी पुन्हा टाक लावला तेव्हा शाई मुळ्या फुटल्यासारखी पसरली. मग पांढरा पोस्टर कलर लावला. त्याचा पांढरा कागदाच्या पांढऱ्यापेक्षा निळसर पडला, आणि चित्राकडं बघणाऱ्याची नजर मंदिराऐवजी त्या ठिगळावर जाऊ लागली.

आता मी उलट बाजूनं जातो. शाईची बाटली उघडण्याआधी वहीच्या पानावर काडेपेटीएवढं चित्र पेन्सिलीनं काढतो. त्यात फक्त तीन गोष्टी असतात: कोरा कागद, मधलं, गडद. डोळे किलकिले केले की बारीकसारीक नक्षी विरघळते आणि हे तीन तुकडे आपोआप वेगळे होतात. कोऱ्या कागदाच्या जागा पक्क्या ठरल्या की मोठ्या कागदावर त्या जागांना पेन्सिलीची बारीक हद्द घालतो. शेताचा बांध कोरतात तशी ती हद्द काम करताना कोरली जाते, हे अनुभवानं माहीत झालंय. म्हणून ती थोडी मोठीच आखतो. मग आधी मधल्या छटेचा एक विरळ थर, सगळीकडं. नंतर दुसरा, जिथं लागेल तिथंच. ठार काळं सगळ्यात शेवटी आणि अगदी थोडं. पूर्ण काळ्या चार जागा मंदिराच्या अख्ख्या दर्शनी भागाला पुरतात, हे मी पुढं त्याच मंदिराचं तिसरं चित्र काढताना पाहिलं.

दुसरा थर पहिल्यावर काटकोनात घालू नये. उभ्या रेघांवर आडव्या रेघा पडल्या की गोणपाट तयार होतं आणि डोळा दगडाऐवजी गोणपाट वाचतो. दुसरा थर थोडासाच तिरका घातला की मधल्या जागा लांबट राहतात, शंकरपाळ्यासारख्या, आणि त्या छटेत विरून जातात. पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा घालायचा नाही. ओल्यावर ओलं पडलं की छेदाच्या ठिकाणी शाईचा थेंब साचतो आणि सगळीकडं मुंग्या बसल्यासारख्या दिसतात. मे महिन्यात वाळायला अर्धं मिनिट लागतं; श्रावणात पाच-दहा मिनिटं थांबावं. आपल्या हवेचं एवढं लक्षात ठेवायचं: उन्हाळ्यात शाई टोकावरच वाळते आणि रेघ अडखळते, म्हणून दर थोड्या वेळानं टोक ओल्या फडक्याला पुसायचं, पावसाळ्यात कागद दमट होतो आणि रेघ फुटते, म्हणून कागद गादीखाली किंवा कपाटात झाकून ठेवायचा. नवी निब बाटलीत बुडवून शाई धरत नसेल तर तिच्यावर कारखान्यातल्या तेलाचा हात असतो. साबणाच्या पाण्यानं धुतली की धरते. तळहाताखाली कायम एक कोरा कागद असू द्यावा, कारण घामाचा डाग त्या वेळी दिसत नाही, त्याच्यावर शाई गेली की दिसतो.

मुलांना मी एक पट्टी काढायला लावतो. पाच चौकोन. पहिला कोरा, शेवटचा जवळजवळ काळा, मधले तीन रेघांनी चढत जाणारे. सोपं वाटतं, पण दुसरा आणि तिसरा चौकोन ओळखू येण्याइतके वेगळे ठेवायला बहुतेकांना आठवडा लागतो. पट्टी ज्या कागदावर आणि ज्या पेनानं चित्र काढायचं त्यावरच करायची आणि चित्र काढताना शेजारी ठेवायची. हात भिंतीवर जास्त चालला की पट्टीकडं बघायचं: ही भिंत दुसऱ्या चौकोनाची ठरली होती, आता चौथ्यावर गेली आहे. मला हे कोणी सांगितलं असतं तर मंदिर वाचलं असतं.

एवढं जमलं तरी छटा 'नैसर्गिक' होत नाही. ती बरोबर होते, पण मेलेली राहते. मंदिरानंतर तीन-चार वर्षं मी अगदी मापात छटा देत होतो आणि माझा बैल, माझी भिंत, माझा ऊस सगळं एकाच कापडातून कापल्यासारखं दिसत होतं. कारण सगळीकडं माझी रेघ एकाच दिशेनं चालत होती, उजवीकडून खाली डावीकडं, हाताला सोपी असते तशी.

ते सुटलं ते उसाच्या फडात. सोनईत मुळा सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगाम सुरू झाला की गावाभोवती ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात, रस्त्यानं टायरगाड्यांची रांग लागते. मी सकाळी फडाच्या कडेला बसायचो. अंगावर पाचट घेऊन उभा असलेला ऊस काढायला मी एकेक पान काढायला घेतलं आणि दोन तासांत कागदावर नुसता गुंता झाला. कंटाळून टाक बाजूला ठेवला आणि बघत राहिलो. तेव्हा दिसलं की उभ्या उसात वरचा हिरवा वाढ्यांचा भाग उन्हात जवळजवळ पांढरा आहे आणि त्यातल्या रेघा वरून बाहेर वळून खाली झुकतात. मधलं पाचट लोंबतं, त्याच्या रेघा खाली सैल पडलेल्या. आणि बुडाशी, जिथं ऊन पोचत नाही, तिथं पान दिसतच नाही, कांड्यांच्या मधला अंधार दिसतो. मी पानं काढायची सोडली. वर नुसत्या झुकत्या, तुटक रेघा, त्याही थोड्या, मधे लोंबत्या, खाली कांड्यांना हात न लावता त्यांच्या मधला अंधार भरला. ऊस उभा राहिला. एकही कांडं मी काढलं नव्हतं, ती कागदाची होती.

तेव्हापासून रेघ ओढण्याआधी त्या वस्तूवरून मनातल्या मनात हात फिरवतो. मातीची भिंत सारवतात तेव्हा हात अर्धगोल फिरतो, म्हणून रेघही तशीच, अर्धगोलाच्या तुकड्यांनी. बैलाच्या वशिंडावरून हात वर चढतो आणि मानेकडं घसरतो. ओल्या काळ्या रानाला नांगराच्या तासांची दिशा असते. पाण्यावर रेघ आडवीच हवी, मग कालव्यात सावली कितीही उभी पडलेली असो. आणि आकाश शक्यतो सोडून द्यावं. कारखान्याच्या धुराड्याचा धूर मी कित्येक वर्षं वेटोळ्या रेघांनी काढला, तो लोकरीसारखा दिसायचा. धूर कोरा सोडून त्याच्या मागचं संध्याकाळचं आभाळ हलक्या आडव्या रेघांनी भरलं की धूर आपोआप वर चढतो.

शिंगणापूर आमच्यापासून जवळ. तिथल्या जुन्या घरांना चौकट असते, दाराची फळी नसते, हे सगळ्यांना माहीत आहे. चित्रं काढणाऱ्यासाठी त्या गावासारखी शाळा नाही. भर उन्हात रस्त्यावर उभं राहून बघितलं तर चौकटीतला अंधार ठार काळा दिसतो आणि टाक लगेच तिकडं धावतो. तसा भरला तर तो घराचा आतला भाग वाटत नाही, भिंतीवर डांबर लावल्यासारखा वाटतो. दोन मिनिटं नजर त्याच अंधारात ठेवावी. हळूहळू आतल्या मांडणीची कड दिसते, पितळी तांब्याच्या कानाची चमक दिसते, मागच्या दाराचा उजेड जमिनीवर पडलेला दिसतो. तो अंधार चौथ्या चौकोनाचा असतो, पाचव्याचा नसतोच. पाचवा फक्त चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढा. आणि तांब्याची चमक म्हणजे न बुजवलेला कागदाचा ठिपका. एवढ्यावर घराला खोली येते.

चांगल्या चित्रकारांची कामं बघताना मुलांनी 'काय काढलंय' यापेक्षा 'काय सोडलंय' ते बघावं, असं मला वाटतं. मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांनी काढलेली गोव्याची गर्दी बघा: फरशीचे चौकोन, खिडक्यांच्या जाळ्या, नक्षीदार कपडे यांनी कागद गच्च भरलेला वाटतो, पण नजर चेहऱ्यांवर बरोबर पोचते, कारण चेहरे कोरे असतात. वसंत सरवटे (१९२७–२०१६) व्यवसायानं स्थापत्य अभियंता. त्यांच्या व्यंगचित्रांत छटा जवळजवळ नसते आणि तरी माणसाच्या पाठीचं ओझं दिसतं. ते रेघेच्या जाड-बारीक होण्यात असतं. आणि आणखी मागं जायचं तर गंगाराम तांबट. १८व्या शतकाच्या शेवटी पुण्यातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयानं त्यानं काम केलं, वेरूळची लेणी काढली, पेशव्यांनी पाळलेला गेंडा काढला. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेरूळचा दगडही आपलाच, बेसाल्टच. त्या दगडासमोर बसलेला आपल्या मुलुखातला हा माणूस आमच्या चित्रकलेच्या पाठ्यक्रमात मला कधी भेटला नाही, आणि भेटायला हवा होता.

छपाईबद्दल थोडक्यात. एका संस्थेच्या स्मरणिकेसाठी मी गावच्या जुन्या वाड्याचं चित्र दिलं होतं, हाताच्या वितीपेक्षा मोठं. छापताना ते पोस्टकार्डाच्या निम्मं केलं. त्या काळी चित्राचा फोटो घेऊन जस्ताचा ब्लॉक करायचे. लहान करताना रेघांमधल्या फटी इतक्या अरुंद झाल्या की शाई त्यात साचली आणि वाड्याचा काळा चौकोन छापून आला. छापखान्याचा दोष नव्हता. कुठं आणि किती आकारात छापणार हे मी विचारलं नव्हतं. आता ब्लॉक गेले, पण मोबाइलवर चित्र बोटाएवढं दिसतं आणि तेच होतं. चित्र भिंतीला लावून दहा पावलं मागं जाऊन बघावं. ज्या फटी तिथून दिसत नाहीत त्या छापल्यावरही दिसणार नाहीत.

आता माझ्या आजीची गोष्ट. ती सांगायला मला जड जातं, पण या सगळ्यात भरून न येणारं नुकसान तेवढंच आहे.

आजी आमच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसायची. कपाळावर गोंदण, हनुवटीवर तीन ठिपके. मी तिचं पहिलं चित्र चांगल्या ड्रॉइंग इंकनं, क्रोक्विल निबनं काढलं. सुरकुत्या मोजून काढल्या, गालांच्या खळग्यात तिरक्या-उभ्या जाळ्या टाकल्या. आजीनं ते बघितलं आणि म्हणाली, "आरं, माझं तोंड भाजल्यावानी का काढलं रं?" ती नाराज झाली नव्हती, घाबरली होती. माणसाच्या कातडीवर जाळी सोसत नाही. दगडाला दुसरा-तिसरा थर चालतो, चेहऱ्याला पहिलाच जड होतो. गालाची सावली द्यायची तर थोडे ठिपके, तेही सावलीच्या कडेला दाट आणि उजेडाकडं विरळ होत गेलेले. सुरकुती म्हणजे रेघ नाही, घडी आहे, तिची एकच बाजू काढायची आणि दुसरी सोडून द्यायची. आणि चेहऱ्याच्या उजेडाकडच्या बाजूला बाह्यरेघ ओढायचीच नाही. मागची भिंत थोडी गडद केली की गालाची कड आपोआप सापडते.

हे कळल्यावर एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, ती तांदूळ निवडत असताना मी दुसरं चित्र काढलं. शाईची बाटली रिकामी होती. खिशातलं फाउंटन पेन घेतलं, त्यात लिहायची काळी शाई होती. वीस मिनिटं लागली असतील. डोळे, नाकाची छाया, गोंदण, पदराची कड, सुपावर वाकलेले हात. बाकी कागद. माझ्या हातून त्याआधी किंवा त्यानंतर इतकं खरं काही उतरलं नाही. आजीनं ते बराच वेळ धरून ठेवलं आणि म्हणाली, "हां, ही मी."

मी ते काचेत मढवून ओसरीवर लावलं, समोरून संध्याकाळचं ऊन येतं त्या भिंतीवर. रोज बघण्यातली वस्तू कशी बदलते ते कळत नाही. पाच वर्षांनी आजी गेली. दहाव्या-तेराव्याला आलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी फोटोऐवजी चित्र मागितलं, म्हणून मी ते खाली काढलं, तर गालावरचे ठिपके नव्हते. हातांच्या रेघा फिक्या तपकिरी झाल्या होत्या. सुपाची एक बाजू उडाली होती. गोंदण मात्र, जिथं मी पेन दाबून दोनदा फिरवलं होतं, तेवढं उरलं होतं.

लिहायच्या शाईत बहुधा रंग विरघळलेला असतो, डाय. उन्हातल्या किरणांनी तो रंग मोडतो आणि वर्षा-दोन वर्षांत फिका पडू लागतो. ड्रॉइंगची जलरोधक काळी शाई काजळीची असते. काजळी म्हणजे निव्वळ कार्बन. तो पाण्यात विरघळत नाही, शाईत त्याचे बारीक कण तरंगतात आणि वाळल्यावर कागदाला चिकटून राहतात. उन्हानं त्याचं काही होत नाही. आपल्या जुन्या पोथ्यांची शाई अशीच असे: दिव्याची काजळी, डिंक आणि पाणी घोटून केलेली. शेकडो वर्षांनीही पोथीतलं अक्षर काळं राहतं ते त्यामुळं. गोंदणालाही पूर्वी काजळीच वापरत. आजीच्या कपाळावर ती लहानपणापासून होती आणि शेवटच्या दिवशीही तशीच होती. मी तिच्या कपाळावरचं टिकाऊ गोंदण न टिकणाऱ्या शाईनं काढलं होतं. नेवाशाला पैस खांबासमोर बसलो की मला हे आठवतं. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, तिथं ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. सांगणाऱ्यासमोर नमस्कार करताना मी लिहून घेणाऱ्यालाही करतो.

शाईचं हे दुखणं मोठमोठ्यांनाही बाधलं आहे. व्हॅन गॉगनं १८८८ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेला आर्ल गावी बोरूनं काढलेली शेतं आणि बागा जगप्रसिद्ध आहेत. बोरूच, आपण पाटीपूजेच्या वेळी बघतो तसा, नळाची काडी तासून केलेला. त्यातल्या कित्येक चित्रांची शाई आता तपकिरी झाली आहे आणि मूळची काळी कशी होती, कुठं गडद आणि कुठं फिकी होती, हे तज्ज्ञांना शोधावं लागतं. चित्रकाराची छटा त्याच्या हयातीनंतर शाईनं बदलली. असं चित्र आपण बघतो तेव्हा त्यानं काढलेलं आपण पुरतं बघत नसतो.

एक सावधगिरी. जलरोधक शाई चांगली म्हणून मुलं ती फाउंटन पेनात भरतात. तिच्यात लाखेसारखं चिकट द्रव्य असतं, ते आत वाळून बसलं की पेन पुन्हा चालत नाही. तिच्यासाठी टाक, किंवा बोरू. बारीक टोकाची पेनं घेताना वेष्टनावर शाई पिगमेंटची असल्याचं लिहिलेलं बघून घ्यावं. जेल पेन, बॉलपेन सरावाला वापरावीत, आईवडिलांचं, आजीआजोबांचं चित्र त्यांनी काढू नये.

आणि वेष्टनावर विसंबूही नये. माझ्या खिडकीच्या काचेवर आतून कार्ट्रिजची एक पट्टी चिकटवलेली आहे. दुकानात मिळालेल्या प्रत्येक नव्या शाईची त्यावर एक बारीक रेघ, एक जाड रेघ आणि थोडे ठिपके असतात. पट्टीचा उजवा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकलेला. दर अमावास्येला काळा कागद उचलून दोन्ही भाग शेजारी बघतो. आपलं उन्हाळ्याचं ऊन इतकं कडक आहे की फसवी शाई अक्षय तृतीयेला लावली तर बेंदराच्या सुमाराला रंग दाखवते. आधी ठिपके जातात, मग बारीक रेघ, जाड रेघ शेवटी. या वेळी पट्टीवर सात शाया आहेत. तिसरी आणि सहावी विटकरी पडू लागल्या आहेत. त्यांच्या बाटल्या मी वेगळ्या ठेवल्या आहेत, मुलांनी त्या पाच चौकोनांच्या सरावाला संपवायच्या.

आजीचं चित्र आता पेटीत, बिनउजेडाच्या जागी, आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळून ठेवलं आहे. उरलेल्या रेघांवर काजळीच्या शाईनं पुन्हा हात फिरवावा असं घरच्यांनी सुचवलं होतं. मी टाक भरून दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा पुसून ठेवला. त्या वीस मिनिटांतला हात आता माझ्याकडं नाही.

मोहिनीराजाचं ते पहिलं चित्र मात्र भिंतीवर आहे. त्याची शाई जराही हललेली नाही.